मोती, मणी आणि दोरा

मुलांनो, घरात लग्नकार्य असले, की आजी नथ घालते. तुम्ही ती नथ कधी जवळून पाहिली आहे का? पुढच्या वेळी जरूर पाहा. सोन्याच्या बारीक तारेत मोती ओवलेले असतात. मधे लाल किंवा हिरवा खडा असतो. नथ जुनी असेल, तर तिच्यातील मोती अगदी एकसारखे नसतात. एखादा थोडा चपटा, एखादा थोडा पिवळसर असतो. आजी म्हणते, "हे बसरा मोती आहेत बरं! माझ्या सासूबाईंच्या वेळचे."

बसरा हे इराक देशातील एका बंदराचे नाव आहे. आखातातील मोत्यांचा व्यापार या बंदरातून चाले, म्हणून त्या मोत्यांना आपल्याकडे बसरा मोती असे नाव पडले. पण हे सगळे मोती बसऱ्याच्या समुद्रातच सापडत असे मात्र नाही. आखाताच्या किनाऱ्याने दूरपर्यंत मोत्यांचे शिंपले मिळत. बहरीन, कतार, अबुधाबी, दुबई, शारजा, रास अल खैमा अशा अनेक ठिकाणचे लोक मोत्यांसाठी समुद्रात उतरत.

यांतील अबुधाबी, दुबई, शारजा आणि रास अल खैमा ही आज एकाच देशात आहेत. अजमान, उम्म अल कुवैन आणि फुजैरा ही त्यांची भावंडे. या सात अमिरातींचा मिळून संयुक्त अरब अमिराती हा देश बनला आहे. तो २ डिसेंबर १९७१ रोजी स्थापन झाला. तेव्हा सहा अमिराती एकत्र आल्या आणि १९७२ मध्ये रास अल खैमा त्यांना येऊन मिळाली. तुमच्यापैकी काही जणांचे काका, मामा किंवा शेजारी तिकडे कामाला असतील. त्यांनी तुम्हांला तिथल्या उंच इमारतींची चित्रे दाखवली असतील. पण या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या लोकांच्या हातांत एक मोठी कला होती. ती कला म्हणजे मोती, मणी आणि दोरा यांतून सुंदर वस्तू बनवण्याची. या पाठात आपण तिचीच ओळख करून घेणार आहोत.

मोती कसा तयार होतो, हे आधी पाहू. स्वाती नक्षत्रातील पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, असे पूर्वी लोक म्हणत. ही कल्पना फार सुंदर आहे. पण खरी गोष्ट वेगळी आहे. शिंपल्यात एक मऊ अंगाचा जीव राहतो. त्याच्या अंगात एखादा बारीक जंतू किंवा कण शिरला, की त्याला ते खुपते. मग तो त्या कणाभोवती एक चमकदार पदार्थ पसरतो. शिंपल्याची आतली बाजू ज्या पदार्थामुळे चमकते, तोच हा पदार्थ. थरावर थर चढत जातात आणि मोती तयार होतो. प्रत्येक शिंपल्यात काही मोती नसतो. कितीतरी शिंपले उघडावे, तेव्हा कुठे एखादा मोती हाती लागतो.

अबुधाबीजवळ मरावाह नावाचे एक बेट आहे. तिथे उत्खनन करताना संशोधकांना २०१७ मध्ये एक छोटासा मोती सापडला. तो सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे! म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या माणसाला इतक्या जुन्या काळीही मोत्याची ओळख होती.

मण्यांची गोष्टही अशीच जुनी आहे. अबुधाबीजवळच उम्म अन नार नावाचे दुसरे एक बेट आहे. तिथे आणि देशातील इतर काही ठिकाणी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत. त्यांत माणसांबरोबर त्यांचे दागिनेही पुरलेले होते. त्या दागिन्यांत तांबड्या अकीक दगडाचे मणी सापडले. हे मणी कुठून आले असतील बरे? ते आपल्या बाजूने, सिंधू संस्कृतीच्या लोकांकडून आले होते. गुजरातमधील लोथल येथे मणी बनवण्याच्या जुन्या कारखान्याचे अवशेष मिळाले आहेत. लोथलजवळच्या खंबायत गावात आजही कारागीर अकीकाचे मणी बनवतात. आधी ते दगड भाजतात. भाजल्याने त्याचा रंग लाल होतो. मग दगड फोडून, घासून गोल करतात आणि शेवटी त्याला भोक पाडतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावीही प्राचीन मणी सापडले असून ते तिथल्या संग्रहालयात ठेवले आहेत.

पाहा बरे, एवढासा मणी! पण होडीत बसून तो समुद्रापार गेला आणि कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत जाऊन बसला.

आता पुन्हा मोत्यांकडे वळू. मोती काढणे हे फार कष्टाचे काम होते. जून ते सप्टेंबर हे चार महिने त्याचा मोठा हंगाम असे. गावातील पुरुष लाकडी गलबतांतून समुद्रात जात आणि महिनोन् महिने घरी येत नसत. गलबताच्या मुख्य माणसाला तिकडे 'नोखदा' म्हणत. आपल्याकडील कोळी लोकांचा 'नाखवा' हा शब्द याच कुळातला आहे.

पाणबुड्या नाकाला चिमटा लावी. गळ्यात दोरीने विणलेली टोपली अडकवी. पायाला वजनदार दगड बांधलेली दोरी असे. त्या दगडाच्या ओझ्याने तो झपकन तळाशी जाई. तिथे भराभर शिंपले गोळा करून टोपलीत टाकी. त्याच्याजवळ हवेची नळी नव्हती, की नळकांडे नव्हते. छातीत भरून घेतलेल्या एका श्वासावर सारे काम! मिनीट-दीड मिनिटात श्वास संपत आला, की तो दोरीला हिसका देई. वर गलबतावर त्याचा जोडीदार दोरी धरून उभाच असे. तो चटकन त्याला वर ओढून घेई. पाणबुड्याचा जीव या जोडीदाराच्या हाती असे. म्हणून जोडीदाराने क्षणभरही दुसरीकडे पाहायचे नाही, असा नियम होता.

असे दिवसातून कितीतरी वेळा पाण्यात उतरावे लागे. सकाळी थोडे खजूर आणि कॉफी घ्यायची. पोटभर जेवण रात्रीच. पाण्यात विषारी जेलीफिश असत. कधी शार्क मासा येई. खाऱ्या पाण्याने कातडी फाटे, कान दुखत. थकलेल्या माणसांना धीर यावा, म्हणून गलबतावर एक गाणारा असे. तो गाऊ लागला, की सगळे त्याच्या सुरात सूर मिसळून दोर ओढत.

एवढे कष्ट करूनही पाणबुड्यांच्या हाती फारसे पैसे पडत नसत. हंगामापूर्वी घरखर्चासाठी ते उचल घेत. मोती कमी मिळाले, तर ती फिटत नसे. कर्ज वाढत जाई. कधी कधी बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर येई. आपण मोत्याची माळ पाहतो, तेव्हा तिच्या मागचे हे कष्टही आठवले पाहिजेत.

हे मोती मग मुंबईला येत. त्या काळी मुंबई ही आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ होती. इथे मोत्यांची आकारानुसार आणि रंगानुसार निवड होई. कुशल कारागीर कमानीने फिरणाऱ्या सामत्याने मोत्याला बारीक भोक पाडत. हात जरा हलला, तर मोती फुटायचा! मग पटवेकरी ते मोती रेशमी दोऱ्यात ओवून, गाठवून देत. नथ, कुड्या, चिंचपेटी, तन्मणी असे आपले कितीतरी दागिने अशा मोत्यांनी सजले. आखातातील व्यापारीही मुंबईत येऊन राहत. परत जाताना ते तांदूळ, मसाले, कापड आणि होड्यांसाठी सागवान घेऊन जात. आखातात त्या वेळी आपला रुपयाच चाले. तिथे रुपयाचा वापर थेट १९६६ पर्यंत होता.

पुढे एक मोठा बदल झाला. जपानमधील मिकिमोतो या गृहस्थांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम कण घालून मोती तयार करून दाखवला. १९२० नंतर असे संवर्धित मोती बाजारात भरपूर येऊ लागले. ते स्वस्त होते. त्यातच १९२९ मध्ये जगभर मंदी आली. महाग मोती कोण घेणार? आखातातील गलबते किनाऱ्याला लागून राहिली. कितीतरी घरांची चूल पेटेनाशी झाली. पुढे १९५८ मध्ये अबुधाबीच्या समुद्रात खनिज तेल सापडले आणि मग हळूहळू त्या लोकांचे दिवस पालटले.

पुरुष समुद्रावर असत, तेव्हा घरी स्त्रिया काय करत? त्यांचे हातही रिकामे नसत. त्यांच्या तीन कला विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिली कला 'तल्ली'. तुम्ही गोफ विणण्याचा खेळ पाहिला असेल. वरून सोडलेले दोर हातात धरून मुले एकमेकांभोवती फिरतात आणि गोफ विणला जातो. तल्लीतही असेच होते. पण तिथे फिरतात ती दोऱ्याची छोटी रिळे. एका धातूच्या घोडीवर लहानशी उशी ठेवलेली असते. तिला 'काजूजा' म्हणतात. उशीवर दोऱ्यांची टोके टाचतात. मग रिळे झरझर इकडून तिकडे टाकत दोरे एकमेकांत गुंफतात. सुती किंवा रेशमी दोऱ्यांबरोबर रुपेरी किंवा सोनेरी जर घेतात. त्यातून एक चमकदार पट्टी तयार होते. ती पोशाखाच्या बाह्यांना आणि गळ्याला लावतात. सण आणि लग्न यांसाठी असे पोशाख असतात.

दुसरी कला 'सदू'. ही वाळवंटात फिरणाऱ्या बदाऊनी स्त्रियांची कला. मेंढीची लोकर, उंटाचे आणि बकरीचे केस चातीवर कातून त्या सूत काढत. मेंदी, केशर, नीळ अशा वस्तूंपासून रंग करत. त्यांचा माग जमिनीवरच मांडलेला असे. मुक्काम हलला, की माग गुंडाळून उंटावर टाकायचा! या मागावर त्या तंबूच्या पट्ट्या, उंटाची झूल आणि पिशव्या विणत. त्यांवर त्रिकोण, चौकोन आणि रेघा यांची नक्षी असे. कडेला रंगीत गोंडे लावत. आपल्याकडे पोळ्याला बैलांना झूल आणि गोंडे घालून सजवतात. तसेच ते लोक आपल्या उंटांना सजवत.

तिसरी कला 'खूस'. खजुराच्या झाडाची पाने भिजवून, रंगवून आणि विणून त्या टोपल्या, पंखे आणि चटया करत. आपल्याकडे शिंदीच्या पानांची केरसुणी करतात. शिंदी ही खजुराचीच बहीण आहे.

या कला शाळेत शिकवल्या जात नव्हत्या. आई विणत असे आणि मुलगी शेजारी बसून पाहत असे. पाहता पाहता तिची बोटे चालू लागत. पण पुढे दुकानांत यंत्रावर तयार केलेले कापड मिळू लागले. मुली शाळेत आणि कामावर जाऊ लागल्या. ही चांगलीच गोष्ट झाली. पण आजीजवळ बसायला कुणाला वेळ उरला नाही. सदू विणणाऱ्या स्त्रिया थोड्याच उरल्या आणि त्यांतील बऱ्याच वयाने थकलेल्या. त्या गेल्या, की त्यांची कलाही त्यांच्याबरोबर जाणार! कारण ती कुठल्याही पुस्तकात पूर्ण लिहिलेली नव्हती. ती त्यांच्या बोटांत होती.

ही काळजी सर्वांना वाटू लागली. युनेस्को या जागतिक संस्थेने २०११ मध्ये सदू विणकामाचे नाव 'तातडीने जपायला हवेत' अशा कलांच्या यादीत घातले. २०२२ मध्ये तल्लीचीही युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. आता अबुधाबी आणि शारजा येथील केंद्रांत जाणत्या स्त्रिया नव्या मुलींना या कला शिकवतात. रास अल खैमाजवळ समुद्रात मोत्यांची शेतीही केली जाते. तिथे शिंपले उघडून पाहुण्यांना जुनी गोष्ट सांगतात.

मुलांनो, मण्यांची आणखी एक गंमत सांगतो. मुसलमान बांधव जप करताना मण्यांची माळ हातात घेतात. तिला अरबीत 'मिसबहा' म्हणतात. तिच्यात ३३ किंवा ९९ मणी असतात. आपण पाहतो त्या जपमाळेत १०८ मणी असतात. दोन्ही माळांच्या टोकाला बहुधा गोंडा असतो. मण्यांची संख्या वेगळी, शब्द वेगळे. पण मणी पुढे सरकवणारी बोटे सारखीच!

आता आपणही एक वस्तू करू या. मण्यांचा गोफ करून मनगटावर बांधू. साहित्य फार लागत नाही. जाड सुती दोऱ्याचे ५० सेंटिमीटर लांबीचे तीन तुकडे आणि मोठ्या भोकाचे दहा-बारा मणी घ्या.

मणी नसतील, तर कागदाचे करा. जुन्या रंगीत कागदाचा लांबट त्रिकोण कापा. त्याचा पाया २ सेंटिमीटर आणि उंची २० सेंटिमीटर असावी. पायाच्या बाजूने तो एका गुळगुळीत काडीवर घट्ट गुंडाळा. शेवटच्या टोकाला खळ लावून चिकटवा. काडी हळूच काढून घ्या. झाला मणी! असे मणी उन्हात चांगले वाळू द्या.

आता तिन्ही दोऱ्यांची टोके जुळवा. टोकापासून ८ सेंटिमीटर सोडून गाठ मारा. ती गाठ पॅडच्या चिमट्यात अडकवा. दोऱ्यांच्या मोकळ्या टोकांना थोडा डिंक लावून वाळवा, म्हणजे टोके कडक होतील आणि मणी सहज ओवता येतील. मग तीन पेडांची वेणी घालायला लागा. उजवा दोरा मधल्या दोऱ्यावरून आणा, नंतर डावा दोरा मधल्या दोऱ्यावरून आणा. दोन बोटे वेणी झाली, की उजव्या दोऱ्यात एक मणी ओवा आणि वेणीपर्यंत वर सरकवा. मग तो दोरा मध्ये आणा. आता डाव्या दोऱ्यात मणी ओवा आणि तो मध्ये आणा. असे आळीपाळीने करा. मणी वेणीच्या दोन्ही कडांना बसतील. प्रत्येक वेळी दोरा सारखाच ओढा. एकदा घट्ट आणि एकदा सैल ओढला, तर गोफ वाकडा होतो.

मनगटाभोवती पुरेल एवढा गोफ झाला, की शेवटी पुन्हा दोन बोटे साधी वेणी घालून गाठ मारा. बांधण्यासाठी टोके ठेवा आणि उरलेला दोरा कापा.

पहिला गोफ कदाचित नीट होणार नाही. तो उसवा आणि पुन्हा करा. तल्ली विणणाऱ्या आजीबाईंचेही पहिले दिवस असेच गेले असतील. चौथ्या-पाचव्या वेळी तुमच्या लक्षात येईल, की आता डोळ्यांनी पाहावे लागत नाही. बोटांनाच सारे ठाऊक झाले आहे. बोटांना आलेली ही समज कुणी आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही. ती फक्त आपण दुसऱ्याला शिकवू शकतो.

तुमच्या घरी, गल्लीत किंवा गावात असे कुणीतरी नक्की असेल. कुणी गोधडी शिवते, कुणी मण्यांचे तोरण करते, कुणी घोंगडी विणते, कुणी पोत गाठवून देते. एक दिवस त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, "आजी, मला शिकवा ना!" पाहा, त्या कशा आनंदाने शिकवतील.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बसरा हे कशाचे नाव आहे?
(आ) मरावाह बेटावर सापडलेला मोती किती जुना आहे?
(इ) 'काजूजा' म्हणजे काय?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिंपल्यात मोती कसा तयार होतो?
(आ) पाणबुड्याच्या जोडीदाराने दुसरीकडे का पाहायचे नसे?
(इ) सदू ही कला नाहीशी होण्याची भीती का वाटू लागली?

३. पाठात आलेली दागिन्यांची नावे शोधून लिहा. तुम्हांला माहीत असलेली आणखी पाच नावे त्यांत घाला.

४. उपक्रम : मण्यांचा गोफ तयार करा. तो करताना काय चुकले आणि ते कसे सुधारले, हे पाच ओळींत लिहा. मग तो गोफ करायला तुमच्याहून लहान असलेल्या एका मुलाला किंवा मुलीला शिकवा.